निराधारांसाठीची २१ हजारांची उत्पन्न अट बदला: सामाजिक न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

विधवांसारख्या निराधारांसाठीची संजय गांधी निराधार आणि ६५ वर्षांपुढच्या वृद्धांसाठीची श्रावणबाळ, या योजनांचे अर्ज भरून देणारे आम्ही कार्यकर्ते आहोत. त्यातून मिळणारे महिन्याला १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये, त्यात दळण, तेल, औषध काहीच धड बसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, उज्ज्वलाच्या जोडणीलाही सूट मिळाली नाही. पण ही तुटपुंजी रक्कम मिळवायलाही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. गावोगाव आजही २००२ च्या पाहणीची यादी काढली जाते. त्यानंतर विधवा झालेल्या, घर वेगळं झालेल्या बाईचं नाव तिथे असणार कुठून? तिच्यासाठी दाखला हाच एक रस्ता उरतो.

आता हिशेब बघा. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने ६८ दिवस काम केलं की २१,२१६ रुपये होतात आणि अट मोडते. त्या वर्षी शंभर दिवसांच्या कामाची हमी मनरेगा कायद्यात लिहिलेली होती, ती पुरी झाली तर ३१,२०० रुपये. म्हणजे हमीचं काम पूर्ण मिळालेलं घर निराधार योजनेतून बाद.

याचा भार येतो तलाठ्याच्या अहवालावर. खरा आकडा लिहिला तर अर्ज फेटाळला जातो, कमी लिहिला तर अर्जदाराच्या सहीचं स्वयंघोषणापत्र खोटं ठरतं. दलालाचं फावतं ते इथेच.

लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि रक्कम तीच, १५००. तिथे वयाची ६५ वर्षं झाली की बाई बाहेर पडते. पुढे तिच्यासाठी श्रावणबाळ आहे, पण मर्यादा अडीच लाखांवरून थेट २१ हजार. घर तेच, चूल तीच, हातपाय मात्र थकलेले. आधाराची गरज वाढते त्याच वर्षी दार बंद होतं, हे आम्हाला कोणत्याही कारणाने पटत नाही.

मंजुरीनंतरही पैसे अडकतात, कारण थेट लाभ आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. बाई पासबुक घेऊन जुन्या बँकेत खेटे घालते आणि रक्कम पडलेली असते कुणीतरी अंगठा घेऊन उघडून दिलेल्या दुसऱ्याच खात्यात. कष्टाने झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, आधारला जोडलेला मोबाईल मुलाकडे पुण्याला, त्यामुळे ओटीपीही नाही. तहसीलमधून उत्तर येतं, ‘आमच्याकडून पैसे गेले.’ कोणत्या बँकेत गेले, हे यादीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

आमची मागणी अशी. उत्पन्नाची मर्यादा किमान एक लाख करा. केशरी शिधापत्रिकेसाठी तोच आकडा सरकारने धरलेला आहे. लाडक्या बहिणीला ६५ पूर्ण होताच नवा अर्ज न मागता श्रावणबाळमध्ये घ्या, कारण तिची कागदपत्रं शासनाकडे आहेतच. मनरेगात रोजगार हमीची मजुरी दरवर्षी शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढत आली, तसंच या १५०० रुपयांचं करा. वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी कित्येक वर्षं २०० रुपयांवरच थांबला आहे, तो वाढवून घेण्यासाठी दिल्लीकडे लेखी पाठपुरावा करा आणि ते पत्र जाहीर करा.

मर्यादा बदलायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. तो कधी काढणार, त्याची तारीख कळवावी.

आपले,
निराधार योजनांचे गावपातळीवरील कार्यकर्ते