दोरीची ताकद माशाच्या वजनावरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गळाच्या मासेमारीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. अमेरिकेतील मस्की या माशाविषयी मराठीत सहसा कोणी लिहीत नाही, त्यामुळे लेखकाचे आभार आधी मानतो आणि मग तक्रारीकडे वळतो. लेखासोबतच्या चौकटीत असे म्हटले होते की मस्की चाळीस पौंडांपर्यंत वाढतो म्हणून त्याच्यासाठी ८० पौंडांची (म्हणजे तेवढ्या ताणापर्यंत न तुटणारी) ब्रेडेड, म्हणजे वेणीसारखी विणलेली, दोरी घेतात, आणि त्याच न्यायाने आपल्याकडच्या हौशी मंडळींनीही अपेक्षित माशाच्या वजनाच्या दुप्पट ताकदीची दोरी घ्यावी. यातला ८० हा आकडा बरोबर आहे. त्यामागे दिलेले कारण चुकीचे आहे. आणि त्या कारणावरून काढलेला नियम पुण्याच्या आसपासच्या पाण्यात वापरणाऱ्याचे पैसे आणि मासा दोन्ही घालवणारा आहे. माझ्या पुतण्याने तो वापरून पाहिला, म्हणून हे पत्र.

मी भोसरीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत नोकरी करून निवृत्त झालो. गळ टाकण्याचा नाद शाळेपासूनचा आहे. मुलगी मिनेसोटात असल्याने दोन उन्हाळे तिकडच्या तळ्यांवर मस्कीच्या मागे घालवण्याची संधी मिळाली. तिकडे त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात, आणि माझ्या वाट्याला त्या फेकींच्या मानाने मासे फारच थोडे आले, हे आधीच सांगून टाकतो. पण मासा लागत नसला की माणूस सामान निरखतो, आणि तिकडच्या होड्यांत बसून मी दोरीविषयी जे शिकलो ते इथल्या चाळीस वर्षांत शिकलो नव्हतो.

आधी हिशेबच पाहू. आंतरराष्ट्रीय नोंदीतला सर्वांत मोठा मस्की १९४९ साली विस्कॉन्सिनमध्ये मिळाला आणि त्याचे वजन ६७ पौंड ८ औंस होते. म्हणजे ८० पौंडांची दोरी जगातल्या विक्रमी माशापेक्षाही भारी ठरते, आणि अनेक जण तर १०० पौंडांची वापरतात. शिवाय पाण्यात माशाचे वजन जवळजवळ नसतेच; दोरीवर येते ती त्याच्या धावण्याची ओढ, आणि त्या ओढीला रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताण आला की दोरी सुटू देणारा ब्रेक, वाट करून देतो. मस्कीच्या रिळांचा ड्रॅग साधारण अकरा-बारा किलोंच्या आसपास संपतो, तर ८० पौंड म्हणजे ३६ किलो. मासा कितीही जोरात पळाला तरी नीट लावलेला ड्रॅग दोरीवर तेवढा ताण येऊच देत नाही. मग एवढी जाड दोरी कशासाठी?

ती आमिषासाठी आहे. मस्कीला घालायची खोटी आमिषे आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठी असतात. दोन पितळी पाती फिरणारे केसाळ बकटेल ऐंशी-नव्वद ग्रॅम भरते, आणि मोठे रबरी आमिष तर थेट पौंडाचे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचे असते. हे धूड आडव्या रिळावरून दिवसभर, शेकडो वेळा, पूर्ण ताकदीने फेकायचे असते. त्या रिळाची फिरकी फेकीबरोबर फिरते, आणि अंगठा चुकून ती दोरीपेक्षा जास्त वेगाने फिरली की गुंता होऊन जागच्या जागी थांबते. आमिष मात्र तोवर हवेत सुटलेले असते. त्या क्षणी दोरीला बसणारा हिसका कोणत्याही मस्कीच्या ओढीपेक्षा मोठा असतो. माझ्या डोळ्यांदेखत जावयाने ५० पौंडांच्या दोरीवरून बंदुकीच्या बारासारखा आवाज करत एक नवेकोरे आमिष तळ्याच्या मध्यावर पाठवले आणि हातात फक्त सळसळणारी दोरी राहिली. नावाड्याने वळूनसुद्धा पाहिले नाही. पेटीतून ८० पौंडांची दोरी भरलेली रीळ काढून त्यांच्या हातात दिली.

दुसरे कारण रिळावरच दिसते. बारीक दोरीवर मोठा ताण आला की ती स्वतःच्याच खालच्या वेढ्यांत रुतून बसते, आणि पुढची फेक अर्ध्यावर अडकते. जाड दोरी तशी रुतत नाही. तिसरे कारण माशाच्या भल्याचे आहे. मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांत ५४ इंचांहून लहान मस्की ठेवून घेता येत नाही आणि त्याहून मोठा मिळाला तरी जवळजवळ सगळे हौशी तो परत सोडतात. भक्कम सामानाने झुंज लवकर संपली तर मासा दमून मरत नाही. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तिथले जाणकार मस्कीच्या मागे जाणेच थांबवतात, ते याच काळजीपोटी.

म्हणून तिकडचा व्यवहार असा आहे की हलक्या आमिषांना ६५ पौंड, रोजच्या कामाला ८०, आणि पौंडभराच्या रबराला १००. या आकड्यांमध्ये माशाचे वजन कुठेही येत नाही.

आता ही दोरी म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे, कारण चौकटीत तिला ‘एक प्रकारचे मजबूत नायलॉन’ म्हटले आहे. आपण ज्याला तंगूस म्हणतो ते एकपदरी नायलॉन. ब्रेडेड दोरी पॉलिइथिलीनची, म्हणजे पिशव्या-डबे ज्या कुळातले त्याच कुळातली, पण अतिशय लांब रेणूंची आणि ओढून एका दिशेने बसवलेली असते. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही याच धाग्याची व्यापारी नावे आहेत. त्याचे पदर वेणीसारखे गुंफले की ८० पौंडांची दोरी ०.४३ मिलिमीटरच्या आसपास बसते, जी जाडी तंगुसाच्या १८ पौंडांना लागते. ती जवळजवळ ताणत नाही. मस्कीचा जबडा हाडासारखा टणक असल्याने लांबून गळ रोवायला हा गुण उपयोगी पडतो. ही दोरी येण्यापूर्वी तिकडे डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरची, विणलेली दोरी वापरत, ती याहून बरीच जाड आणि ताणणारी होती.

चार पदरी की आठ पदरी, हा प्रश्न दुकानात सगळ्यात आधी विचारला जातो. चार पदरीत प्रत्येक पदर जाड असतो, तिचा पृष्ठभाग खरबरीत असतो, ती काठीच्या कड्यांतून करकरत जाते आणि खडकाला किंवा पाणवनस्पतीला घासली तर जास्त टिकते. आठ पदरी गोल, गुळगुळीत, निःशब्द आणि महाग. मस्कीसाठी दोन्ही चालतात. आपल्या खडकाळ नद्यांत मी चार पदरीच घेईन.

जपानी डब्यांवर पौंडांऐवजी पीई (पॉलिइथिलीन) क्रमांक असतो आणि त्यावरून दुकानदारांचाही गोंधळ होतो. क्रमांक १ ची जाडी ०.१६५ मिलिमीटर, क्रमांक चौपट झाला की जाडी दुप्पट होते, म्हणून क्रमांक ४ म्हणजे ०.३३ मिलिमीटर. मायक्रोमीटरने मोजायला जाल तर फसाल, कारण त्याच्या जबड्यात विणलेली दोरी चपटी होते; आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेल्या मलाही हे उशिरा सुचले. खोटा माल ओळखायला घरगुती युक्ती बरी. पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा, त्यात बोटभर दोरी बोटांनी दाबून हवा काढून सोडावी. पॉलिइथिलीन पाण्याहून हलके असल्याने ते वर येते. पॉलिएस्टर तळाला जाते. मुद्दाम बुडणारी म्हणून विकली जाणारी दोरी अर्थातच याला अपवाद. पुतण्याच्या कपाटातल्या तीन स्वस्त रिळांपैकी एक तळाला गेली आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

आता त्याची गोष्ट. आपली चौकट वाचून त्याने ८० पौंडांची दोरी आणली आणि ३००० आकाराच्या उभ्या रिळावर भरली. पन्नास मीटरही मावली नाही. तो टाकणार होता वीस-पंचवीस ग्रॅमचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष, ते त्या जाड दोरीच्या ओझ्याने समोरच्या वडाच्या सावलीतच पडू लागले. त्याहून वाईट म्हणजे दोरी खडकात अडकली तेव्हा सगळ्यात कच्चा दुवा दोरी नव्हती, काठी होती. ती टोकाजवळ मोडली. दोरी माशाच्या दुप्पट असावी की तिप्पट, या वादात काठीवर छापलेले दोरीच्या आणि आमिषाच्या मर्यादेचे आकडे कोणी वाचत नाही.

आपल्याकडच्या माशांचा विचार केला तर फरक आणखी स्पष्ट होतो. मस्की पाइकच्या कुळातला. त्याच्या जबड्यात सुरीसारखे दात असतात, म्हणून दोरीपुढे पोलादी किंवा टायटॅनियमच्या तारेचा, नाहीतर १०० ते १३० पौंडांच्या फ्लोरोकार्बन या एकपदरी धाग्याचा लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला जोडतुकडा, लावावाच लागतो. ब्रेडेड दोरी कितीही जाड असली तरी दातांपुढे ती सुतासारखी तुटते. आपली खडशी, म्हणजे महाशीर, रोहूच्या कुळातली. (१८३९ साली साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या माशावरून, आणि देहूच्या डोहात पिढ्यान्‌पिढ्या ‘देवमासा’ म्हणून जपली गेली तीही हीच. आज त्या पाण्याकडे पाहून हे कोणाला खरे वाटणार नाही.) तिच्या जबड्यात दातच नाहीत. दात आहेत ते घशात, आणि त्यांनी ती आमिष चिरडते, गळ वाकवते. पण दोरी कापत नाही. तिच्या बाबतीत दोरीचा वैरी आहे बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. ताणलेली ब्रेडेड दोरी दगडाच्या कडेवर क्षणात तुटते, जाड तंगूस तिथे जास्त टिकते. त्यामुळे खडशीसाठी तीस-चाळीस पौंडांची ब्रेडेड दोरी आणि तिच्या पुढे दोन-तीन वाव जाड तंगुसाचा लीडर, हा मेळ मला बरा वाटतो. तारेची गरज नाही. शिवड्याला मात्र दात आहेत, तिथे तार हवी. मरळ लव्हाळ्यात आणि पाणवनस्पतीत राहते, तिला ओढून काढायला पन्नास पौंडांची दोरी लागते, आणि ती माशासाठी नसून पाल्यासाठी असते.

गाठीचे एक सांगतो. तंगुसाला आपण घालतो ती पाच वेढ्यांची साधी गाठ ब्रेडेड दोरीत सरकते. गच्चीवर पाण्याची वीस लिटरची बादली टांगून मी हे पाहिले: दोरी तुटली नाही, गाठ सावकाश सुटत गेली आणि शेवटी बादली खाली. दोरी दुहेरी करून कडीतून नेऊन घातलेली पालोमार गाठ टिकली. त्याच कारणाने नुसती ब्रेडेड दोरी रिळावर थेट बांधली तर सगळा गठ्ठा फिरकीभोवती गोल फिरतो आणि माणसाला वाटते ड्रॅग बिघडला. आधी दहा-पंधरा मीटर तंगूस भरून मग ती जोडावी. भरताना ओल्या फडक्यात घट्ट धरून भरावी. रंग उडाला म्हणून दोरी टाकू नये, हा धागा रंग धरतच नाही. तिच्यावर लव उठू लागली की तेवढा तुकडा कापावा, आणि हंगाम संपला की दोरी उलटी भरून आतली कोरी बाजू बाहेर आणावी.

अडकलेली दोरी हाताला गुंडाळून ओढू नये, हे तर चौकटीत पहिल्या ओळीत हवे होते. माझ्या उजव्या तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर आडवा व्रण आहे तो त्यातलाच. त्यानंतर त्या नावाड्याने मला लाकडाचा वीतभर दंडुका दिला, दोरी त्याला गुंडाळून ओढायची असते. पुणेकरांना हे वेगळे समजावायला नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर बंदी घातली तरी संक्रांतीच्या सुमारास पुलांवर गळे कापले जातात. ही दोरीही कुजत नाही, आणि काठावर टाकलेल्या तिच्या गुंत्यात पाणकावळ्याचे पाय तसेच अडकतात. कापलेले तुकडे मी डब्यात भरून घरी आणतो.

पुढील रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापताना ‘माशाच्या वजनाच्या दुप्पट’ हे शब्द काढून ‘आमिषाचे वजन, काठीवर छापलेली मर्यादा, रिळात मावणारी लांबी आणि पाण्यातले अडथळे पाहून’ असे करावे, एवढीच विनंती. पुतण्याची ८० पौंडांची दोरी आता माझ्या जुन्या आडव्या रिळावर आहे आणि जूनमध्ये माझ्याबरोबर मिनेसोटाला जाईल. त्याच्या रिळावर आम्ही ३० पौंडांची भरली, दीडशे मीटर बसली.

आपला,
एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे