आधी खुर्ची उलटी कर

पुणे, रविवार संध्याकाळ

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले जुन्या आरामखुर्चीचे फोटो पाहिले. कल्याणीची नजर चांगली आहे, हे आधी सांगते. त्या दुकानदाराने आरामखुर्चीची जी किंमत सांगितली, तेवढ्यात तुझ्या बाबांनी लग्नानंतर अख्खं घर लावलं होतं. पण ते जाऊ दे, महागाई मलाही कळते. मला खटकलं ते वेगळंच. फोटोत खुर्ची समोरून दिसते, डावीकडून दिसते, तिच्यावरची उशी आणि शेजारची कुंडीसुद्धा दिसते. खालून काढलेला एकही फोटो नाही. सुताराच्या घरात वाढलेल्या बाईला अशी खुर्ची दाखवतात होय रे?

तुझे आजोबा कुणाकडे लाकूडसामान बघायला गेले, की पहिल्यांदा ते उलटं करायचे. यजमानीणबाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तिची खुर्ची पाय वर करून पडलेली असायची. वरची बाजू पॉलिशवाल्याची आणि खालची सुताराची, असं त्यांचं म्हणणं. खालच्या बाजूला कुणी पॉलिश मारत बसत नाही, त्यामुळे लाकूड कोणतं आहे ते तिथेच कळतं. सांधे एका लाकडाचं टोक कोरून दुसऱ्याच्या खाचेत बसवलेत की नुसते खिळे ठोकून जोडलेत, तेही तिथेच दिसतं. टेबलाचा खण असेल तर तो पूर्ण बाहेर काढून उपडा करायचा. समोरची फळी सागवानी आणि तळाला प्लायवूड, असा मामला बऱ्याचदा निघतो. प्लायवूड कडेला थर दाखवतं, ते लपत नाही.

मग कीड. बारीक गोल भोकं दिसली म्हणून लगेच पळू नकोस. भोकं जुनी असू शकतात, आतली कीड कधीच उडून गेलेली असते. खुर्ची वर्तमानपत्रावर ठेव, चार थापा मार आणि खाली बघ. ताजा, फिकट, मऊ भुसा पडला तर आत अजून खाणं चालू आहे. लाकूड तरीही फार आवडलं असेल, तर सुतार सुईने भोकांत औषध भरून देतो. सागाच्या गाभ्यात मूळचंच तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ती शिरते बाहेरच्या फिकट भागात. म्हणून जुन्या वस्तूत फिकट पट्टा दिसला की तिथे किल्लीचं टोक दाबून बघायचं. टोक आत गेलं, तर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं.

तू जोगेश्वरीत राहतोस, ओशिवऱ्याचा तो फर्निचरचा बाजार तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि तू इन्स्टाग्रामवरून खुर्ची मागवायला निघालास! एक शनिवार रिलीफ रोडवर घालव. जुन्या मुंबईतल्या रिकाम्या झालेल्या घरांतलं, बंद पडलेल्या कचेऱ्यांतलं सामान तिथे येतं. त्याच्याच शेजारी गेल्या महिन्यात बनवून म्हातारं केलेलं सामानही असतं. नवीन वस्तू जुन्या घडणीची असली तर माझी काही तक्रार नाही, फक्त तिला नव्याचा भाव दे. ओळखायचं कसं? झीज बघ. खरी झीज माणूस जिथे टेकतो तिथेच असते. हातांच्या टोकांना, पाय ठेवायच्या पुढच्या दांडीला, खण सरकतो त्या खालच्या पट्टीला. सगळीकडे सारखीच झिजलेली खुर्ची म्हणजे पॉलिश पेपरची करामत. स्क्रूही बघ. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असते. फुलीवाले स्क्रू दिसले तर एक तर वस्तू नवी आहे, नाहीतर मध्ये कधीतरी दुरुस्त झालेली आहे, आणि मग कुठे दुरुस्त झाली ते विचार.

चोरबाजारातही जा, पण खुर्चीसाठी नको. मटन स्ट्रीटवरच्या दुकानांतून दिवे, आरसे, कड्या, मुठी, बिजागऱ्या बघायला जा. शुक्रवारी ती दुकानं बंद असतात, मात्र पहाटे रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो. तिथे बॅटरी घेऊन जाणारे लोक असतात म्हणे. तुझी पहाट नऊला होते, तेव्हा तो नाद सोड. आम्हाला आपला मंगळवार पेठेतला जुना बाजार बरा, रविवार-बुधवारचा. बाबा अजूनही तिथे पटाश्या आणि रंधे बघायला जातात. घरी एकही लाकूड तासत नाहीत ही गोष्ट निराळी.

मोबाईलवर लोक घरं सोडताना सामान विकतात, त्यातलं कपाट तू घेणार होतास. ते घेऊ नकोस. वरून सनमायका आणि आतून भुशाचा दाबलेला बोर्ड असलेलं कपाट एकदा खोललं की स्क्रूची भोकं सैल पडतात, दुसऱ्यांदा घट्ट बसत नाहीत. मुंबईच्या पावसात त्याचा तळ फुगतो तो वेगळाच. त्यापेक्षा जुनं लोखंडी कपाट घे. पोचे आलेले असू देत. फक्त तळाचा पत्रा गंजून चाळण झालेला नाही ना, आणि कुलूप फिरतं ना, एवढं बघ. गादी आणि गुबगुबीत सोफा मात्र अनोळखी घरातून आणायचा नाही, फुकट मिळाला तरी नाही. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो. लाकडी पलंग घेतलास तरी त्याच्या सांध्यांत बॅटरी मारून काळे ठिपके आहेत का ते बघूनच उचल.

पलंगावरून आठवलं. तुझ्या आजीला जुना पलंग घरात आणलेला चालायचा नाही. ‘कोण गेलं त्याच्यावर कुणास ठाऊक,’ म्हणायची. त्या पिढीत वापरलेली वस्तू विकत आणणं म्हणजे परिस्थिती बेताची असल्याची कबुलीच होती. आता तेच सामान विंटेज म्हणून दुप्पट भावात जातं आणि लोक कौतुकाने दाखवतात. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. जुन्या वस्तूची लाज कशाला आणि मिरवणूक तरी कशाला? ती घरात कामाला लागली पाहिजे.

तू लहानपणी बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटासमोरून हलायचा नाहीस. काकासाहेब केळकर चष्म्याचे व्यापारी, अज्ञातवासी नावाने कविता करायचे. लोक घराघरांतून दिवे, अडकित्ते, दारं, भांडी काढून टाकत होते, तेव्हा हा माणूस ती गोळा करत हिंडला. वीसेक हजार वस्तू जमल्या, आणि संग्रहालयाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. त्या वस्तूंनी आता विश्रांती घ्यावी, तो त्यांचा हक्क आहे. पण तुमच्या वनरूम किचनमध्ये विश्रांती घेणाऱ्या वस्तूला जागा कुठून आणणार? कल्याणीला तांब्याचा बंब हवाय, त्यात मनीप्लांट लावायला. तिला माझ्याकडून सांग, हॉलमधली तेवढी जमीन विकत घ्यायची म्हटलं तर किती लाख पडतील ते आधी काढ. बंबापेक्षा जाळीचं कपाट शोधा. पूर्वी दूध-तूप त्यात ठेवायचे आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. आता फ्रीज आहे, पण कांदे-बटाटे, लसूण, कपबश्या त्यात झकास राहतात आणि वारा खेळतो. लोणच्याची चिनी मातीची बरणी तडकलेली मिळाली तर तिच्यात लोणचं घालू नकोस, झारे-उलथनी उभी कर. काम बदललं तरी हरकत नाही.

पितळी डबे घ्यायचे असतील तर दुकानदाराला आधी मोडीचा भाव विचार. वजन आणि मोड माहीत असली की तो वर किती लावतोय ते कळतं. आंबट पदार्थ ठेवायचे तर आतून कल्हई हवीच. चकाकी काय, पितांबरीने घासलं की येते. अशा भांड्यांच्या काठावर नावं कोरलेली असतात, वास्तुशांतीला अमक्याकडून, मुंजीला तमक्याकडून सप्रेम भेट. ती घासून काढायला लावू नकोस. मला तर डबा हातात आला की आधी नाव वाचायची खोड आहे. कुणाची तरी आत्या कुठल्या तरी मुंजीत हा डबा घेऊन मिरवली असेल, आता त्यात आपली चणाडाळ. मात्र कुणाच्या पूर्वजांची फ्रेममधली तसबीर भिंत सजवायला आणू नकोस. फेटेवाले अनोळखी आजोबा भिंतीवर शोभतात खरे, पण घरी आलेल्या प्रत्येकाला ते कोण हे सांगताना तुझी पंचाईत होईल.

कल्याणीची ताई न्यू जर्सीला जुनी मूर्ती मागते आहे असं तू म्हणालास, तिला नाही म्हण. 1972 च्या कायद्याप्रमाणे 100 वर्षांहून जुनी मूर्ती पुरावस्तू ठरते. ती तुम्हाला परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परवाना नसलेला माणूस पिशवीतून मूर्ती काढून दाखवत असेल, तर ती कुठल्या देवळातून आली असेल याचा विचार कर. वन्यजीव संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. हस्तिदंताची नक्षी, भिंतीवर लावायची हरणाची शिंगं, यांना हात लावायचा नाही.

आता चिऊच्या पाळण्याबद्दल, आणि हे नीट वाच. तो रंगवलेला जुना लाकडी पाळणा मलाही आवडला. पण जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांवर, आणणारे नियम 2016 चे, लागू झाले 2017 च्या शेवटी. म्हणजे त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. चिऊ आता उभी राहून कठडा चावायच्या वयात आली आहे. घरात बसून कोरडा पॉलिश पेपर मारलास तर ती धूळ तिच्याच पोटात जाईल. चिऊसाठी रंग न लावलेला, साधा सागवानी पाळणा शोध. मिळेपर्यंत ती आहे तिथे सुखाने झोपते. विजेच्या वस्तूंचंही तसंच. जुना दिवा किंवा टेबलफॅन घेतलास, तर चालतोय म्हणून लगेच लावू नकोस. वायर आणि होल्डर नवे घालून घे, धातूच्या वस्तूला तीन पिनांचा प्लग बसवून घे.

खुर्ची घरी आली की तिला पहिल्याच दिवशी तासायला घेऊ नकोस. ओल्या फडक्याने पुसून काढ, दोन दिवस सावलीत वाळू दे, मग ठरव. पन्नास वर्षांत लाकडाला आलेला रंग तू एका दुपारी खरवडून टाकशील. नुसतं जवसाचं तेल चोळूनही पुष्कळ फरक पडतो. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळव. चपडीचं पॉलिश करायचं तर तुझ्या आजोबांची पद्धत सांगते: चपडी लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा आणि पातळ हात मारत जायचं, एक वाळला की दुसरा. पावसाळ्यात करू नकोस, पांढरट डाग धरतो. वेत फाटलेला असेल तर घाबरू नकोस, उलट त्याच कारणाने भाव पाडून माग. अंधांच्या संस्थांतून वेत विणायचं काम पूर्वापार शिकवलं जातं, आणि असं विणकाम तुला यंत्राच्या तयार जाळीत मिळणार नाही.

भाव करताना हव्या त्या वस्तूकडे बघू नकोस, शेजारच्या वस्तूची किंमत विचार. हे तुला जमणार नाही, तुझं तोंड सगळं सांगतं. कल्याणीला पुढे कर.

बाबा म्हणताहेत, त्या दुकानातली खुर्ची सागाचीच वाटते. मी म्हणते, वाटून काय उपयोग. दुकानदाराकडून खालचा फोटो मागव. तो पाठवायला कां कूं करत असेल तर मला तेवढं पुरे आहे.

तुझी,
आई

ता. क. काहीही घेण्याआधी टेप घेऊन लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि तुमच्या घराचं दार मोजून आकडे कळव. समोरच्या वाड्यातला शिसवी पलंग आमच्या शेजाऱ्यांनी घेतलाय, तो गेले चार दिवस जिन्यात उभा आहे.