कॅसेटच्या शेवटची दोन मिनिटे

सातारा,
रविवार, दि. १४ सप्टेंबर २०२५

ती. आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आपले रोज फोनवर बोलणे होते, तरीही पत्र लिहायला बसले आहे, कारण यातली एक गोष्ट फोनवर सांगणे मला गेल्या तेहतीस वर्षांत जमलेले नाही.

गेले दोन महिने दर रविवारी पहाटे, घरातली माणसे उठण्यापूर्वी, मी एखादा जुना रॉक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकते. फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि मधले एकही गाणे गाळत नाही. कॉलेजात असताना ज्यांची पारायणे केली, तेच हे अल्बम. लेड झेपेलिनचा १९७१ चा चौथा अल्बम आजही तितकाच अंगावर येतो. काही अल्बममध्ये मात्र तेव्हा जो आवेश वाटला होता, तो आता नुसता मोठा आवाज वाटतो, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत नाही. बाबा, १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीचा अल्बम तुम्ही जरूर ऐका. पं. रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्ये जुळवून थांबतात आणि हजारो श्रोते, वादन झाले असे समजून, टाळ्या वाजवतात. मिरजेत लहानपणापासून तंबोरे लागताना पाहिलेल्या माणसाला तो क्षण फार जवळचा वाटेल.

पण मला लिहायचे आहे ते पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’बद्दल. १९७३ च्या मार्चमध्ये निघालेला हा अल्बम या दोन महिन्यांत मी चार वेळा ऐकला. ‘टाइम’च्या आरंभी एकदम अनेक घड्याळांचे गजर होतात. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ते एकेक करून टिपले होते. आई, तू ते ऐकून हातात निरांजन घेऊन देवघरातून धावत बाहेर आली होतीस, हे मला स्वच्छ आठवते. ‘मनी’ हे गाणे तू हातावर ताल धरून ऐकावेस, अशी माझी फार इच्छा आहे. नाण्यांची खणखण, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याचा खटका असे आवाज टेपवर घेऊन, त्या टेपचे तुकडे मोजून कापून आणि एकमेकांना चिकटवून त्यांनी सात मात्रांचा फेरा तयार केला आहे. त्याचे वजन तू क्लासातल्या मुलींना शिकवतेस त्या रूपक तालाचे नाही, पण मात्रा सातच भरतात. गिटारचा एकल भाग येतो तेव्हा गाणे चारांत जाते आणि तो संपला की पुन्हा सातांवर येते. ती दोन्ही वळणे तुला पहिल्याच ऐकण्यात सापडतील.

त्याच्या आधीच्या गाण्यात क्लेअर टोरी ही गायिका एकही शब्द न घेता, बाबांच्या भाषेत सांगायचे तर केवळ ‘आ’काराने गाते. त्या गायनाचे तिला तेव्हा ३० पौंड मिळाले आणि सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागायला, तेही कोर्टात गेल्यावर, २००५ साल उजाडले. मला हा अल्बमचा सर्वोच्च बिंदू वाटतो. शेवटी, सुरुवातीला असतात तसेच हृदयाचे ठोके येतात आणि विरत जातात.

अल्बम तिथे संपतो. माझ्यासाठी तो तिथे कधीच संपला नाही, आणि त्याचे कारण तुम्हाला सांगायलाच हवे.

बाबा, मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत रात्रभर मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसून तुम्ही एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरली होती. तिच्या दुसऱ्या बाजूला पहाटेची भैरवी होती. कुणी चुकून तिच्यावर दुसरे काही भरू नये म्हणून कडेची प्लास्टिकची टिकली तुम्ही मोडून टाकली होती. १९९२ च्या पावसाळ्यात मैत्रिणीच्या भावाने हा अल्बम एका दिवसासाठी दिला आणि माझ्याजवळ कोरी कॅसेट नव्हती. मी त्या खाचेवर चिकटपट्टी लावली, विश्रामबागला मैत्रिणीकडे जाऊन तिच्या दोन कॅसेटींच्या टेपरेकॉर्डरवर अल्बम उतरवून घेतला आणि संध्याकाळी कॅसेट पेटीत परत ठेवली. ती खाच कशासाठी असते हे मला ठाऊक होते. अजाणतेपणी झाले, असे मी आजवर स्वतःलाही सांगू शकलेले नाही.

काही दिवसांनी तुम्ही ती लावलीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्ही ठोके ऐकलेत, घड्याळे ऐकलीत, मग बटण दाबून कॅसेट बाहेर काढलीत आणि पेटीत ठेवून दिलीत. तुम्ही मला त्या दिवशी काही विचारले नाहीत आणि नंतरही कधी विचारले नाहीत. त्याबद्दल आज मनापासून क्षमा मागते.

मात्र कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची आणि अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा, त्यामुळे शेवटची दोन मिनिटे पुसली गेली नाहीत. ठोके विरतात, एक खट्ट आवाज होतो आणि तंबोरा सुरू होतो. गायक षड्जावर थांबतात, कुणीतरी खोकते, आणि मग माइकच्या अगदी जवळून, हलक्या आवाजात, तुमचे ‘आहा’ ऐकू येते. त्या वेळी तुम्ही आज मी आहे त्याहून वयाने लहान होता. गाण्यातली पुढची जागा अर्धी होते तोच फीत संपते. कॉलेजच्या दिवसांत तो अल्बम मी किती वेळा ऐकला याची गणती नाही, आणि दर वेळी ती दोन मिनिटे ऐकूनच उठले. अजूनही ठोके थांबले की माझे कान तंबोऱ्याची वाट पाहतात.

हल्ली नवे ऐकते त्यातही असेच काहीतरी शोधत असावे. २०२३ मध्ये बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे निघाले. जॉन लेननने घरी कॅसेटवर भरलेला आवाज पियानोपासून संगणकाच्या साहाय्याने वेगळा काढून ते पुरे केले गेले. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने ७८ व्या वर्षी काढलेल्या अल्बममध्ये त्याची मुलगी रोमनी एक गाणे गायली आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा लावते. आई, ‘शक्ती’ या गटाचा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम तुझ्यासाठी फोनवर उतरवून ठेवला आहे, कारण शंकर महादेवन यांचा आवाज आणि झाकीर हुसेन यांचा तबला तुला एकत्र मिळेल.

बाबा, २०१९ च्या महापुरात आपण कॅसेटींची पेटी माळ्यावर चढवली होती, ती तिथेच असेल. माळ्यावर तुम्ही चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. तुमच्या अक्षरात ‘मिरज, पहाट’ असे लिहिलेली कॅसेट काढा. चिकटपट्टी अजून तिच्यावर असेल. पण ती लावून पाहू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत बघा आणि पांढरी बुरशी दिसली तर हातच लावू नका. फीत सैल असेल तर चाकात पेन्सिल घालून सावकाश फिरवा. घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये ती गुंतली तर उरलेली दोन मिनिटेही जातील. मी दसऱ्याला चांगला डेक घेऊन येते आहे, आपण तिघे मिळून लावू. त्या पहाटे कोण गात होते, ते तोवर मला फोनवर सांगू नका. तंबोरा सुरू झाला की सांगा.

तुमची,
लेक