कोकोला घेऊन येतेस, त्याआधी

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला येताना तुझ्या कुत्र्याला, कोकोलाही आणतेस हे फार बरं झालं. बाबांनी लगेच गच्चीच्या दाराची कडी बदलून घेतली. फोनवर आपलं बोलणं रजा आणि जेवणखाण यातच संपून जातं, म्हणून हे लिहूनच पाठवते. इथे आलीस की तू त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवशील. जुळे सोलापूर आता तू शाळेत असतानाचं राहिलेलं नाही. प्रत्येक गल्लीत पाळलेली कुत्री आहेत, शिवाय गल्लीची स्वतःची आहेतच. पहाटे बाहेर पडलं की वळणावर कोणी ना कोणी पट्टा धरून समोर येतंच. तेव्हा आपण कसं वागायचं, तेवढंच मला सांगायचं आहे.

पहिलं म्हणजे, "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य तू सोडून दे. तू पाठवलेल्या व्हिडिओत कोको पट्टा ताणत समोरच्या पामेरियनकडे झेपावतो आणि तू मागून हेच ओरडतेस. कोको खरंच काही करत नाही, हे मला माहीत आहे. दीड वर्षाचा लॅब्रेडॉर तो, त्याला सगळं जग आपलंच वाटतं. पण समोरच्या कुत्र्याला काय वाटतं? तो म्हातारा असेल, त्याचं ऑपरेशन झालेलं असेल, पिल्लू असताना त्याला दुसऱ्या कुत्र्याने लोळवलेलं असेल, किंवा ती माजावर असेल. पट्टा धरणाऱ्या माणसाचे गुडघे दुखत असतील. यातलं काहीही लांबून दिसत नाही.

आपल्या राणीचंच बघ. दहा वर्षांची झाली. थंडीत तिचं मागचं अंग आखडतं, उठताना दोनदा प्रयत्न करावा लागतो. एखादा तरणा कुत्रा खेळायला म्हणून तिच्या पाठीवर पंजे टाकतो तेव्हा तिला कळ लागते. आधी ती मान फिरवते, मग गुरगुरते, आणि तरी तो हटला नाही तर दात दाखवते. लोक काय म्हणतात? "बाई, तुमची कुत्री चावरी दिसते!" न विचारता अंगावर आलेला कुत्रा प्रेमळ आणि स्वतःचं दुखरं अंग सांभाळणारी राणी चावरी, हा न्याय मला अजिबात पटत नाही. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे. त्यासाठी त्याला कधी रागावू नये. रागावलं की तो गुरगुरायचं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो.

म्हणून आधी विचारायचं. दहा-पंधरा पावलं लांब असतानाच थांबायचं, कोकोला जवळ घ्यायचं आणि विचारायचं, "मालक, भेटवायचं का?" आपल्या सोलापुरात अनोळखी माणसालाही मालक म्हणायची पद्धत आहे, तिचा इथे चांगला उपयोग होतो. माणूस हसून उत्तर देतो. बहुतेक लोक फक्त "मेल आहे का फिमेल?" एवढंच विचारतात आणि उत्तर मिळालं की पट्टा सैल सोडतात. तेवढ्याने काही कळत नाही. "दुसऱ्या कुत्र्यांशी जमतं का त्याचं?" हा खरा प्रश्न. समोरचा "नको" म्हणाला, थोडा घुटमळला, किंवा काही न बोलता कडेला सरकायला लागला, तर ते नाहीच समजायचं. कारण विचारायचं नाही, "एकदा बघू तर खरं" असा आग्रहही करायचा नाही. "बरं बरं" म्हणायचं आणि रस्ता ओलांडायचा.

कोपऱ्यावरच्या घरातले, रेल्वेतून रिटायर झालेले काका तुला आठवत असतील. त्यांच्याकडे टायगर नावाचा जर्मन शेफर्ड आहे. मागे एका मोकळ्या सोडलेल्या पाळीव कुत्र्याने त्याचा कान फाडला, तेव्हापासून त्याला कुठलाच कुत्रा जवळ चालत नाही. मी आणि काका, दोघांनी कधी बसून ठरवलं नाही, पण जो दुसऱ्याला आधी बघेल तो बाजूच्या बोळात शिरतो. काका टायगरला गेटच्या खांबाकडे तोंड करून बसवतात, हातातला चण्याएवढा भाकरीचा तुकडा त्याच्या नाकापाशी धरतात, आणि आम्ही पुढे गेलो की त्याच्या तोंडात देतात. मी हात वर करते, तेही हात वर करतात. आमची कुत्री एकमेकांना आजवर भेटलेली नाहीत आणि आमचं उत्तम चाललं आहे. प्रत्येक कुत्र्याने प्रत्येक कुत्र्याला भेटलंच पाहिजे असं कुठे आहे? कोकोला मात्र हे शिकवावं लागेल, कारण तुझ्याकडे त्याला रोज सगळ्यांना भेटायची सवय लागली आहे. मग भेट झाली नाही की तो पट्ट्याला हिसके देत भुंकतो. तो राग नसतो, जाता येत नाही याची तडफड असते. पण समोरच्या कुत्र्याला तो हल्लाच वाटतो.

समोरचा हो म्हणाला तर भेटवावं जरूर, मात्र थेट समोरासमोर चालत जाऊ नये. अनोळखी घरी आपण सरळ माजघरात शिरत नाही, उंबऱ्याशी थांबून आवाज देतो. मोकळी कुत्री एकमेकांकडे येताना बघ, कधी सरळ रेषेत येत नाहीत. वळसा घेतात, मध्येच जमीन हुंगतात, नजर चुकवतात, आणि मग मागच्या बाजूने वास घेतात. नाकासमोर नाक आणि डोळ्याला डोळा, ही त्यांच्यात उर्मट भेट. अरुंद फुटपाथवर आपण पट्टा धरून त्यांना नेमकं तेच करायला लावतो. वरून भीतीने पट्टा आखडून धरतो. पट्टा ताणला की कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते, आणि काही मनात नसताना तो भांडायला उभा असल्यासारखा दिसतो. शिवाय मागे सरकायची वाटच बंद झाल्यावर घाबरलेल्या कुत्र्यापुढे चावण्याशिवाय काय उरतं? म्हणून पट्टा इंग्रजी यू अक्षरासारखा खाली लोंबता ठेवायचा, पण हातातून सोडायचा नाही. तुझा तो बटण दाबून लांब होणारा पट्टा इथे आणूच नकोस. दोन कुत्री फिरताना त्याची बारीक दोरी पायात गुंतते आणि कातडी सोलून काढते.

वास घेऊ द्यायचा तो तीन सेकंद. मनात एक, दोन, तीन म्हण आणि "चल कोको" म्हणून आनंदाने पुढे निघ. दोघांनाही आवडलं असेल तर पुन्हा वळून येऊ दे. बरीचशी भांडणं पहिल्या तीन सेकंदांत होत नाहीत. त्यानंतर, आपण माणसं गप्पांत रंगल्यावर, एकाला पुरे झालेलं असतं आणि दुसऱ्याला नसतं, तेव्हा होतात. म्हणून त्या वेळी फोन खिशात, कानातले इयरफोन काढलेले आणि नजर कुत्र्यांवर.

काय बघायचं? राणीला नको असलं की ती आधी तोंड फिरवते, मग नाक चाटते. झोप नसताना जांभई देते. आणखी अवघड झालं की डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो आणि सगळं अंग ताठ होतं, श्वाससुद्धा अडकतो. त्या ताठपणाला मी सर्वांत जास्त भिते. सैल, लवचीक अंग, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून खेळायला बोलावणं, हे चांगलं लक्षण. नुसतं शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे असं मात्र धरून चालू नकोस. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली दाखवून दिलं की मालक दिसला की कुत्र्याचं शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. रस्त्यात उजवं-डावं कोण मोजणार, पण ताठ उभं धरलेलं, टोकाशीच थरथरणारं शेपूट तुला ओळखता आलं पाहिजे.

खाऊचं एक सांगते. दोन कुत्री नाकाशी नाक लावून उभी असताना खिशातून बिस्कीट काढायचं नाही. जन्माचे मित्रही तेवढ्यावरून भांडतात. आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय काही घालायचं नाही. राणीला कुणीतरी प्रेमाने गोड बुंदी घातली आणि तिचं पोट कितीतरी दिवस बिघडलेलं होतं.

आता गल्लीतली कुत्री. त्यांना तू घाबरतेस आणि मग कोकोला घेऊन पळायला लागतेस. पळू नकोस. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. आपण त्यांच्या हद्दीतून जातो, म्हणून ती भुंकत सोडायला येतात आणि पुढच्या विजेच्या खांबापाशी थांबतात. कोकोला स्वतःच्या आणि भिंतीच्या मध्ये घे, त्यांच्या डोळ्यांत बघू नकोस, सावकाश चालत रहा. ज्यांच्या कानाला छोटी खाच आहे त्यांची नसबंदी झालेली असते आणि त्याच वेळी रेबीजची लसही दिलेली असते. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदीनंतर त्यांना मूळ जागीच आणून सोडतात, त्यामुळे ती इथेच राहणार आहेत. पिठाच्या गिरणीशेजारच्या अक्का त्यांना रोज भाकरी घालतात. आलीस की त्यांना भेट. कुठली कुत्री व्यालेली आहे, कुठला कुत्रा पाळलेल्या कुत्र्यांवर धावतो, हे त्यांना अचूक माहीत असतं. व्यालेली कुत्री असेल ती गल्ली महिनाभर आपण टाळतो.

इतकं करूनही कधी जुंपलीच, तर कोकोच्या मानेच्या पट्ट्याला हात घालायला जाऊ नकोस. आपलाच हात दातांत सापडतो. जोरात आवाज करायचा, जवळपास बादली असेल तर पाणी फेकायचं. कुणाला दात लागले तर आधी भांडण नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. ओरखडा छोटा आहे, पाळलेलाच कुत्रा आहे, असं म्हणून घरी बसायचं नाही. आपल्या कोकोमुळे झालं असेल तर आपण बरोबर जायचं, खर्च आपण करायचा, लसीचं कार्ड दाखवायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातल्या जनावराबद्दल हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला कायद्यापेक्षा शेजाऱ्यांची काळजी आहे. आपल्या कुत्र्यामुळे कुणाला फिरायची वाट बदलावी लागली तर मला ते सहन होणार नाही.

कोकोची शी उचलायला पिशव्या आण, इथे विसंबू नकोस. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत त्याला सिद्धेश्वर मंदिर, होम मैदान, पार्क चौक, या बाजूला अजिबात न्यायचं नाही. नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदी घातलेली माणसं, हलग्या, शोभेचं दारूकाम, आपल्याला ते वर्षभर हवंहवंसं असतं, त्याच्यासाठी ती नुसती भीती. आपण दोघी अक्षता सोहळ्याला जाऊ, बाबा घरी दोघांजवळ थांबायला तयार आहेत.

राहिली राणी आणि कोकोची पहिली भेट. ती घरात नको. घर राणीचं आहे, दारातून एकदम दांडगा पाहुणा आत आला तर ती घाबरेल आणि पुढचे सगळे दिवस कोपऱ्यात बसून काढेल. भेट मागच्या मोकळ्या मैदानापाशी करू. बाबा राणीला घेऊन रस्त्याच्या एका कडेने, तू कोकोला घेऊन दुसऱ्या कडेने, दोघं एकाच दिशेने चालायचं. बोलावणं नाही, भेटवणं नाही, नुसतं चालायचं. दोघं आपापलं गवत हुंगायला लागले की थोडं जवळ यायचं. राणीने स्वतः कोकोकडे पाऊल टाकलं तरच वास घेऊ द्यायचा, तोही तीन सेकंद. मग चौघांनी एकत्र चालत घरी यायचं. तिची गोधडी, तिचं ताट आणि तो चघळलेला चेंडू मी आधीच उचलून ठेवते. जेवण दोघांना वेगवेगळ्या खोलीत देऊ. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी परत चालू, घाई कसली आहे?

लसीचं कार्ड, नेहमीचा साधा पट्टा आणि हार्नेस बॅगेत वर ठेव. सावळेश्वरचा टोलनाका ओलांडलास की फोन कर, म्हणजे बाबा राणीला घेऊन निघतील.

तुझी,
आई