शास्त्रीय गाण्यातला ख्याल शिकायला नागपूरला गेलेल्या लेकीस

प्रिय बाई,
अनेक आशीर्वाद.

क्लासमधल्या कोणी तरी तुला 'झाडीपट्टीची नाटकवाली' म्हटलं, हे ऐकून तुझ्या आईने दुपारी जेवणच केलं नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

तू आजवर गायलीस ते गाणं खालच्या प्रतीचं नव्हतं. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम सुरू झाला की गावोगाव रात्रभर नाटक चालतं. पहाटेच्या थंडीत शेवटच्या अंकातलं पद सुरात लावायचं, आणि तेही मागे शेकोटीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला शब्द न् शब्द कळेल असं. मी ऑर्गनवर असायचो, त्यामुळे त्यात किती कस लागतो हे मला ठाऊक आहे. शब्द खाणारे मोठमोठे गवई मी ऐकले आहेत. तुझे शब्द स्वच्छ आहेत, ते सोडू नकोस.

वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे सिनेमासंगीतात नाव काढणारे सी. रामचंद्र हेही सप्र्यांचेच शिष्य. वसंतरावांनी पुण्यात वर्षानुवर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली, सिनेमासाठी गायले, 'बगळ्यांची माळ फुले' घराघरांत पोचवलं, ख्याल आणि ठुमरीही गायली. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातले खाँसाहेब झाले, तेव्हा हे सगळं त्यांच्या गळ्यात होतंच. यातलं काही लपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मग तू नाटकातलं गाणं का लपवतेस?

मन्ना डे यांचंही बघ. 1956 च्या 'बसंत बहार' सिनेमात त्यांना भीमसेन जोशींसमोर गायचं होतं, आणि कथेप्रमाणे जिंकायचंही होतं. आपण फार घाबरलो होतो, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. तसे ते कच्चे नव्हते, उस्तादांकडे शिकलेले होते. तरी भीती वाटली, कारण समोर कोण आहे हे त्यांना कळत होतं. तुला वाटते ती भीती मला त्याच जातीची वाटते, आणि म्हणून ती मला आवडते.

आणि आशाताई! 1996 मध्ये अली अकबर खाँसाहेबांबरोबर त्यांचा 'लेगसी' हा अल्बम आला. मैहर घराण्यातल्या जुन्या चिजा, म्हणजे बंदिशी. ग्रॅमीसाठी नामांकनही मिळालं. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि साऱ्या देशाला पाठ असलेली गाणी मागे होती. एवढं नाव असताना दुसऱ्या कोणासमोर बसून चीज घ्यायची, याला मी फार मानतो.

आता खरी अडचण. सिनेमाचं गाणं तीन-चार मिनिटांचं, त्यातली प्रत्येक जागा संगीतकाराने आधीच ठरवलेली. आपण ती हुबेहूब, भाव घालून गायची. 'मन तरपत हरिदर्शन को आज' तू किती वेळा गायलीस! त्या मालकंस रागात रिषभ नाही, पंचम नाही, हे कोणी न सांगता तुझ्या गळ्याला कळत होतं. आता त्याच पाच सुरांत दोन ओळींची बंदिश घेऊन अर्धा तास बसायचं, आणि पुढचा सूर कोणता, कधी, किती वेळ, हे तुझं तूच ठरवायचं. इथे तू गडबडतेस ती आवाजामुळे नाही. ठरवायची सवय नाही म्हणून. ती सवय वर्षभरात लागत नाही, बाई.

गुरुजींनी तुझी पट्टी काळी पाचवरून खाली पांढरी पाचवर आणली, याचं तुला वाईट वाटलं. मला तर बरं वाटलं. नाटकात लाउडस्पीकरच्या गोंगाटावर चढायला आपण पट्टी वर ठेवत होतो, त्यात खालचे सूर उपाशी राहिले. सकाळी मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, सूर लाव, पण तानपुऱ्याचं ॲप जरा हळू ठेव, स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. घसा दुखला तर त्या दिवशी बंद.

वडशाहून एका आयोजकाचा फोन होता. 'तुमची लाडकी गायिका आता शास्त्रीय मैफलीत' असा फलक लावायचा म्हणतात, पैसेही चांगले देतात. मी नाही म्हणून सांगितलं. नाटकातली पदं गायला बोलावलं तर आनंदाने ये, गुरुजींना विचारून ये. पण नावाच्या जोरावर ख्याल विकायला बसायचं नाही. ऐकणाऱ्यांचा विश्वास तू पदांवर कमावलास, ख्यालावर तो अजून कमवायचा आहे.

वसंतरावांच्या नावाचा समारोह नागपुरात होतो, तो चुकवू नकोस. शेवटच्या कलाकारापर्यंत बस.

रोवणी आटोपली, पाऊस बरा आहे. तांदळाचं पोतं एसटीने पाठवतो. यमनची जी बंदिश मिळाली तिचं नोटेशन वहीतून उतरवून पाठव, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते खूण करून. मला ती पेटीवर बसवायची आहे.

तुझे बाबा