स्क्रीनवरच्या अ‍ॅव्हरेजवर कुणाचे पैसे कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डायरी आणि कॅल्क्युलेटर फेकून द्या, हायब्रीड (म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या) गाडीची स्क्रीन दाखवते तेच खरं अ‍ॅव्हरेज, असं सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. वाचून बाजूला ठेवलाही असता. पण सोमवारी सकाळीच तो लेख माझ्या भाचीला तिच्या ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्यांनी मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, आता तरी पटलं का?’ म्हणून हे पत्र.

भाची कामासाठी दापोलीपासून राजापूरपर्यंत फिरते. हायब्रीड गाडी तिची, कर्जाचा हप्ता तिचा, पेट्रोलचे पैसे कंपनीने द्यायचे. पूर्वी पंपाच्या पावत्या चालत. खोट्या पावत्या लावणारे निघाले म्हणून त्या बंद केल्या, इथपर्यंत कंपनीचं म्हणणं मला समजतं. नवा नियम असा आला: रोज संध्याकाळी स्क्रीनवरच्या त्या दिवसाच्या अ‍ॅव्हरेजचा आणि किलोमीटरचा फोटो पाठवायचा. महिनाअखेर सगळ्या अ‍ॅव्हरेजची बेरीज करून दिवसांनी भागायचं, जो आकडा येईल त्याने एकूण किलोमीटरला भागायचं, आणि तेवढ्या लिटरचे पैसे खात्यावर. पहिल्याच महिन्यात पैसे कमी पडले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा. तिला वाटलं, पंपावर माप मारतात.

मी एसटीच्या डेपोत हिशेबाला होतो. तिथे आम्ही केपीटीएल काढायचो, म्हणजे दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर. गाडी डेपोत आली की पंपावर टाकी पूर्ण भरायची. जेवढं डिझेल गेलं तेवढं त्या गाडीच्या नावावर. किलोमीटर मार्गाचे ठरलेले. डॅशबोर्डवरचा काटा चालू आहे की बंद, याचा हिशेबाशी संबंधच नव्हता. केपीटीएल घसरला की ड्रायव्हरला बोलावणं यायचं. माणसाच्या नोकरीची आणि इभ्रतीची बाब, म्हणून लिटर मोजलेलेच धरायचे. कुंभार्ली घाट चढणाऱ्या गाडीची तुलना कोणी सपाटीच्या गाडीशी केली तर ड्रायव्हर भांडायला यायचे, आणि त्यांचं बरोबर असायचं.

भाचीला मी तीच रीत सांगितली. नोझल आपोआप बंद होईपर्यंत, म्हणजे ऑटो कटपर्यंत, टाकी भर, राउंड फिगरसाठी वर एक थेंबही घालू देऊ नकोस, ट्रिप मीटर शून्यावर आण, पुढची टाकी शक्यतो त्याच पंपावर त्याच नोझलला भर. त्यातल्या एका टाकीचा हिशेब देतो. गाडी धावली ७४२ किलोमीटर, परत भरताना पेट्रोल बसलं ३३.६ लिटर. भागाकार २२.०८. स्क्रीनवर त्याच क्षणी २३.९. पुढच्या टाक्यांना दोन्ही आकडे खालीवर झाले, पण दोघांमधलं अंतर सात-आठ टक्क्यांच्या आसपासच राहिलं आणि दर वेळी स्क्रीनच वर. भरण्यातली चूक असती तर ती कधी इकडे, कधी तिकडे झाली असती.

हे कागद घेऊन आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला तरुण मुलगा वागायला सभ्य होता, पण त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. ‘काका, स्क्रीनवरचं कंप्युटर मोजतो, तुम्ही हाताने मोजता. टाकी कधी सारखी भरत नाही. आणि ताईंना सांगा, पाय जरा हलका ठेवा.’ पाय जड असेल तर दोन्ही आकडे खाली येतील. त्यांच्यातलं अंतर पायाने कसं वाढेल?

टाकी कधी सारखी भरत नाही, हे मान्य. ऑटो कट अर्धा-पाऊण लिटर मागेपुढे होतो. पण ही चूक टाकीगणिक साचत नाही. पहिल्या भरण्यापासून शेवटच्या भरण्यापर्यंतचा एकत्र हिशेब धरला तर फक्त दोन टोकांची चूक उरते, आणि जितक्या टाक्या जास्त तितकी ती नगण्य होते. किलोमीटर चुकत असतील म्हणावं, तर हाताचा हिशेब आणि स्क्रीन दोघेही गाडीचेच किलोमीटर घेतात. टायर झिजून किलोमीटर जास्त पडत असतील तर ते दोघांनाही जास्त पडतील. म्हणजे अंतर आहे ते लिटरमध्ये. मग राहिला पंप. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरहून जास्त तूट आली तर पंपवाला दोषी ठरतो; म्हणजे मुभा अर्ध्या टक्क्याची. पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर असावं लागतं आणि मागितलं तर त्यातून मोजून दाखवावं लागतं. आम्ही मागितलं. माप बरोबर निघालं. भाचीने वेगवेगळ्या गावांत पेट्रोल भरून पाहिलं, अंतर तेवढंच. सगळ्या पंपांनी ठरवून सारखंच कमी भरलं, असं मानायला मी तयार नाही.

आपल्या लेखकांनी ही स्क्रीन लिटर ‘मोजते’ असं लिहिलं आहे. टाकीतून किती पेट्रोल गेलं हे ती मोजतच नाही. इंजिनमध्ये पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळा आणि किती मिलिसेकंद उघडले, याची नोंद गाडीचा कंप्युटर ठेवतो. एका मिलिसेकंदाला इतकं पेट्रोल जातं असं गृहीत धरून गुणाकार करतो. त्या गृहीतात, इंजेक्टरच्या बनावटीत किंवा झिजेत थोडाजरी फरक असला तर प्रत्येक फवाऱ्यात तीच चूक तशीच्या तशी पडत राहते. म्हणून ती एकाच बाजूला दिसते. काही परदेशी गाड्यांमध्ये हा आकडा सर्व्हिस सेंटरला टक्क्याच्या हिशेबाने दुरुस्तही करता येतो. स्क्रीनच प्रमाण असती तर ही सोय कशाला ठेवली असती? आणि हल्ली सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर ढकलतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज काहीसं घटतं हे खरंच. पण ते घटतं दोन्हीकडे. स्क्रीन आणि पावती यांच्यातली एवढी मोठी फट इथेनॉलने पडत नाही.

आता अकाउंट्सच्या त्या भागाकाराकडे येतो, कारण आपल्या लेखातही तोच केला आहे. रोजच्या अ‍ॅव्हरेजची बेरीज करून दिवसांनी भागणं हे मुळातच चूक आहे. एका दिवशी गाडी चिपळूणच्या बाजारपेठेत दहा किलोमीटर फिरली, बरीचशी बॅटरीवर, आणि स्क्रीनने ३० दाखवलं. दुसऱ्या दिवशी घाट धरून शंभर किलोमीटर गेली आणि २० दाखवलं. या रीतीने सरासरी आली २५. प्रत्यक्षात ११० किलोमीटरला लागले ५.३३ लिटर, म्हणजे २०.६. रोजचे आकडे एकमेकांच्या जवळ असले तर ही चूक लपून जाते. हायब्रीडमध्ये ते लांब लांब पडतात आणि चूक फुगते. सातवी-आठवीतली मुलं भारित सरासरी करतात हो! स्क्रीनची चूक आणि भागाकाराची चूक इथे दोन्ही एकाच दिशेने जातात आणि दोन्हींचे पैसे एका पगारदार मुलीच्या खिशातून जातात. महिन्याला दोन हजार किलोमीटर धरा. २४ ने भागलं तर ८३ लिटर, २२ ने भागलं तर ९१. आज पेट्रोल शंभराच्या वर आहे. हे महिन्याचे आठशे रुपये कोणाचे?

लेखकांनी गाडीची परीक्षा घेतली ती पुण्याहून निघून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत, आणि तिथेच थांबून स्क्रीनचा फोटो छापला. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. सव्वा-दीड टनाची गाडी तेवढं खाली येते तेव्हा सुमारे अर्ध्या लिटर पेट्रोलचं काम उतार करून देतो. घाटात तर इंजिन पेट्रोल न घेता फिरतं आणि बॅटरी भरते. तो आकडा छापून आम्हा कोकणातल्या वाचकांना ‘इतकं अ‍ॅव्हरेज मिळतं’ म्हणून सांगणं बरोबर नाही. आम्हाला चढूनही जावं लागतं.

युरोपीय संघात २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल, डिझेल आणि हायब्रीड मोटारींत इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि तिची चूक पाच टक्क्यांच्या आत असावी लागते. कायदा करून घेतलेल्या नोंदीलाही तिथे पाच टक्क्यांची मुभा आहे. आपल्याकडे गाडीसोबतच्या पुस्तकात निदान एवढं तरी ठळक छापावं, की स्क्रीनवरचा आकडा अंदाज आहे आणि तो अमुक टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. कंपन्यांनी पावती नको असेल तर पंपावर कार्ड द्यावं, पेट्रोलचे पैसे परस्पर वळते होतील आणि खोटी पावती लावायला जागाच राहणार नाही.

पावतीवरून आणखी एक. आमच्या भागातल्या अनेक पंपांवर पावती मागितली की ‘रोल संपलाय’ हे उत्तर ठरलेलं, आणि मिळाली तरी तिची शाई पावसाळ्याच्या दमटीत महिनाभरही टिकत नाही. हिशेब ठेवणाऱ्या ग्राहकाने काय जपायचं? यावर आपण एखादी बातमी केलीत तर लेखापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. आणि त्या लेखाच्या खालीच, त्याच पानावर, हायब्रीड गाडीची अर्ध्या पानाची जाहिरात होती. जाहिरात घ्यावी, पण त्या आठवड्यात त्या पानावर नको होती.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे. चिपळूणला एका पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी भरून त्याच रस्त्याने पुण्याला परत जावं, तिथून पुन्हा चिपळूणला यावं, त्याच नोझलला टाकी भरावी, आणि पावतीचा व स्क्रीनचा फोटो शेजारी शेजारी छापावा. तो अंक मी स्वतः भाचीच्या ऑफिसात नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, चिपळूण