रजा मेसाठी राखून ठेव

तासगाव,
एप्रिल २०२६

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

चटणीच्या डब्याबरोबर हे पत्र पाठवते आहे. फोनवर रोज बोलतो आपण, पण तू तेव्हा बंगळुरूत ऑफिसातून नुकती सुटलेली असतेस, इथं माझ्या हातात काहीतरी काम असतं, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आधी तेच लिहिते. बेदाण्याच्या हंगामात यायला जमलं नाही म्हणून तू हळहळत असतेस. आता उरलेली रजा नात्यातल्या लग्नाच्या कामांसाठी आठवडाभर आधी येऊन घालवायची म्हणतेस. ते करू नकोस. लग्नाला दोन दिवस ये, हळदीला अन् अक्षतांना हजर राहा, आणि लगेच परत जा. बाकीची सगळी रजा २० मेपासूनसाठी राखून ठेव. आपण गोकर्णला जाणार आहोत, सगळे, आजीसुद्धा.

आता हंगामाचं सांगते. तू विचारतेस आणि मी नुसतं "झालं बघ सगळं" म्हणते, तेवढ्यानं तुझं समाधान होत नाही हे मला कळतं.

विहिरीकडच्या प्लॉटची द्राक्षं व्यापाऱ्यानं उचलली. ओढ्याकडच्या प्लॉटला मात्र मनासारखा दर आला नाही, तेव्हा पप्पांनी तो सगळा बेदाण्याला घातला. बेदाणा वाळवायचं शेड यंदाही नागजलाच घेतलं. तिकडचा वारा कोरडा, द्राक्षं लवकर वाळतात. पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात क्रेट बुडवायचे, जाळ्यांवर पसरायचे, की मग सगळं आभाळाच्या हाती. पंधरवडाभर पप्पा आणि काका आळीपाळीनं तिकडेच झोपायला होते. एका संध्याकाळी पूर्वेकडं इतकं काळं दाटून आलं की मी आणि काकू इथं देवापुढं बसून राहिलो. पप्पा, काका आणि बायकांनी मिळून रॅकच्या दोन्ही बाजूंना कागद सोडले, दोऱ्या बांधल्या. चार थेंब पडले आणि ढग जतच्या बाजूला निघून गेले. त्या रात्री पप्पांचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. वर्षभराची छाटणी, औषधं, मजुरी, सगळं त्या जाळ्यांवर पसरलेलं असतं गं. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा कुठं किलोभर बेदाणा हाती येतो.

माल चांगला निघाला. रंगाला हिरवा आहे, डाग कमी आहेत. रमजानची मागणी यंदा आपला बेदाणा तयार होईपर्यंत सरली होती, कारण ईद मार्चमध्येच झाली. त्यामुळं थोडा माल सौद्याला काढला, देणी भागवली आणि उरलेला कोल्ड स्टोअरेजला ठेवला. गणपती-दिवाळीला काढू असं पप्पा म्हणतात. मला त्यांचं पटलं. घाईनं विकलेल्या मालाची चुटपुट वर्षभर राहते.

घरी खायला ठेवलेला बेदाणा कुणी निवडला असेल सांग! आजीनं. फेब्रुवारीत मिरजेला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे तुला ठाऊकच आहे. डोळ्यात थेंब घालायचं वेळापत्रक सोनूनं दहावीच्या अभ्यासाच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीला चिकटवलं होतं आणि स्वतःचा पेपर असला तरी सकाळचे थेंब तोच घालायचा. डोळा बरा झाल्यावर आजी सुपात बेदाणा घेऊन बसली. एकेक काडी वेचून बाजूला काढायची आणि म्हणायची, "इतकी वर्षं मी काड्यांसकट खात होते की काय?" मग एके दिवशी तिला गणपतीच्या देवळात नेलं. गोपुराखाली उभी राहून तिनं सातही मजल्यांवर नजर फिरवली, वरच्या मजल्यांवरच्या मूर्ती एकेक करून मला दाखवल्या. सरदार परशुरामभाऊ पटवर्धन कर्नाटकातल्या मोहिमांवर गेले, तिकडची देवळं पाहून आले आणि इथं तसं गोपूर उभं केलं, ही गोष्ट तिनं तुला लहानपणी कितीदा सांगितली असेल. परत येताना ती म्हणाली, "मनूच्या मुलखात असली गोपुरं गावोगाव असतील ना?" आणि थोडं चालल्यावर, "समुद्र काही बघितला नाही मी."

मनू, हे वाक्य माझ्या मनातून जाईना. जोतिबा, पंढरपूर, नरसोबाची वाडी, औदुंबर, सगळं तिनं केलं. समुद्र तेवढा राहिला. दर उन्हाळ्यात कुणीतरी म्हणायचं, यंदा कोकणात जाऊ. मग बागेची खरडछाटणी निघायची, मग पाण्याचं आवर्तन यायचं, मग कुणाचं तरी लग्न, आणि बघता बघता मृग यायचा. बागेत काम नाही असा आठवडा वर्षात येत नाही. म्हणून यंदा मी पप्पांना सांगितलं, फवारणीची जशी तारीख ठरते तशी या प्रवासाचीही ठरवा, आणि ठरली की हलवायची नाही. ते लगेच कॅलेंडर घेऊन बसले.

हिशेब असा जमला. खरडछाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकली. वेलींचे डोळे एकसारखे फुटलेत, आता फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढणं चालू होईल. सबकेन, म्हणजे शेंडा खुडून बाजूची फूट घेणं, आणि पुढचा शेंडा मारणं मेच्या मध्यापर्यंत होईल. त्यानंतरचे पाच-सहा दिवस ठिबक आणि एखादी फवारणी काकांचा गडी बघेल, त्याच्याशी बोलणं झालंय. लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, तो १५ जूनपर्यंत. अधिकात लग्न नको म्हणून सगळ्यांनी आधीचेच मुहूर्त धरलेत, आपल्या भागात एक मंगल कार्यालय रिकामं नाही. पण अधिक महिना देवदर्शनाला उत्तम, त्यामुळं आजीनं तिथीवरून हरकत घ्यायचा प्रश्नच उरला नाही. उलट तिनं दीपदानासाठी वाती वळायला घेतल्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात कारवारच्या किनाऱ्यावर पाऊस येतो, तेव्हा मे सरायच्या आत परत यायचं.

गोकर्णच का, असं सोनूनं विचारलं. त्याला गणपतीपुळे हवं होतं. मी म्हटलं, तिथं मनूला बंगळुरूहून यायला किती यातायात! गोकर्ण तुलाही सरळ पडतं आणि आम्हालाही. आम्ही काकांच्या गाडीनं पहाटे निघू. मिरज, चिकोडी, संकेश्वर, तिथून महामार्गाला लागून बेळगाव, धारवाड, हुबळी, मग यल्लापूरच्या जंगलातून अरबैल घाट उतरून अंकोला. घाटात आजीला त्रास नको म्हणून जेवण हुबळीच्या अलीकडेच करू. तू पंचगंगा एक्सप्रेसनं ये, रात्री बसलीस की सकाळी गोकर्ण रोड. आम्ही आदल्या रात्री पोचलेलो असू, पप्पा स्टेशनवर घ्यायला येतील. तिकीट आता ६० दिवस आधी मिळतं, म्हणजे आपल्या तारखांचं आरक्षण केव्हाच उघडलंय आणि सुट्टीचे दिवस आहेत. हे पत्र वाचून झालं की त्याच बैठकीत तिकीट काढ.

तिथं काय काय बघायचं त्याची यादी सोनूनं केली आहे आणि ती फार लांबलीय. मी त्यातलं एवढंच धरलंय. पहिल्या दिवशी आधी महागणपती, मग महाबळेश्वराचं शिवमंदिर. रावणानं हाती दिलेलं आत्मलिंग खाली ठेवलं ते याच गणपतीनं, म्हणून त्याचं दर्शन आधी. पप्पांना आणि सोनूला सोवळं नाहीतर धोतर लागेल, ते मी बॅगेत टाकलंय. संध्याकाळी समुद्र. दुसऱ्या दिवशी मुरुडेश्वर. तिथलं गोपूर वीस मजल्यांचं आहे आणि आत लिफ्ट आहे, त्यामुळं आजीच्या गुडघ्यांची काळजी नाही. आपल्या गोपुराचे सात मजले मान वर करून बघणारी आजी त्या वीस मजल्यांवरून खाली समुद्र बघेल, तेव्हा तिच्या शेजारी तू असावंस असं मला फार वाटतं. वाटेत जमलं तर मिर्जानचा किल्ला. याणाचे खडक मात्र तू आणि सोनूनं जाऊन बघा, तेवढं चालणं आजीला नको. आणि एक, मेअखेरीला समुद्र खवळायला लागतो. सोनूला पोहायचंय, त्याला पाण्यात कुठवर जायचं ते तू बजाव. माझ्यापेक्षा तुझं ऐकतो.

सोनूचं अजून एक काम तुझ्याकडं आहे. निकाल मेमध्येच लागेल असं शाळेतले सर म्हणतात. अकरावीचे प्रवेश गेल्या वर्षापासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, तेव्हा फॉर्म भरायची वेळ नेमकी आपण गोकर्णला असतानाच आली तर? मी त्याचा दाखला, आधार, सगळ्याचे फोटो काढून तुला पाठवून ठेवते. कॉलेजांचा पसंतीक्रम तुम्ही दोघांनी बसून लावा. त्याला विज्ञान घ्यायचंय, सांगलीला रोज एसटीनं जायची तयारी आहे. पप्पांच्या मनात शेतीचं शिक्षण आहे, पण ते बोलत नाहीत, मुलावर ओझं नको म्हणून. तू हे जाणून घेऊन त्याच्याशी बोल.

बाकी घरचं. दहावी संपली ती पाडव्याच्या तोंडावर, त्यामुळं गुढी सोनूनंच उभारली. साखरेची गाठी उतरवून तुझ्या वाटची डब्यात ठेवली होती, तिला मुंग्या लागल्या, म्हणून ती पाठवली नाही. तुमच्याकडं त्याच दिवशी उगादी होती, तुझ्या मैत्रिणीच्या आईनं तुला पुरणाची होळिगे खाऊ घातली हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू! त्यांना माझा नमस्कार सांग आणि या पार्सलमधला बेदाण्याचा पुडा त्यांना दे. नीट निवडलेला आहे. जोतिबाची यात्रा ओसरल्यावर आजीला घेऊन मी डोंगरावर जाऊन आले. तिला एसटी फुकट, मला अर्धं तिकीट. तिनं गुलाल उधळून "चांगभलं" म्हटलं ते एवढ्या मोठ्यानं, की पुढची माणसं वळून बघायला लागली. चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं, कैरीची डाळ आणि पन्हं. गच्चीवर सध्या कुरडया वाळताहेत. गव्हाचा चीक शिजवायला काकू आणि शेजारच्या दोघी आल्या होत्या, हात भरून आले सगळ्यांचे. तुला चीक गरम गरम गूळ घालून आवडतो, तो काही पार्सलमधून पाठवता येत नाही. उडदाचे पापड आणि सांडगे लग्नाला येशील तेव्हा बांधून देईन. चटणी यंदा संकेश्वरी आणि ब्याडगी निम्मी निम्मी घेऊन कांडून आणली, तिखट बेतानं आहे, रंग छान आलाय. बरणीत कोरडाच चमचा घाल.

हे सगळं वाचून तुला वाटेल, आई एवढं करते आणि मी तिकडं खुर्चीवर बसलेय. तसं मनात आणू नकोस. तू दर महिन्याला पाठवलेल्या पैशातून शेडचं भाडं आणि आजीच्या ऑपरेशनचा खर्च निघाला, हे पप्पांनी वहीत तुझ्या नावावर लिहून ठेवलंय. हंगामात तुझा हात होताच. रजा कामात घालवणं तुला पोरपणापासून सवयीचं, सुट्टीत कधी नुसती बसलीच नाहीस तू. यंदा बस. वाळूत आजीजवळ बस, तिला काय दिसतंय ते विचार, तुझ्या ऑफिसचं तिला सांग. तिला तुझं काम समजून घ्यायचंय, मला रोज विचारते आणि मला नीट सांगता येत नाही.

साहेबांकडं २० ते २६ मेची रजा आजच माग. मंजूर झाली की मला कळव, गोकर्णच्या खोल्या मी तोपर्यंत धरून ठेवायला सांगितल्यात, पण अक्षय तृतीयेपर्यंत पैसे भरायचे आहेत. येताना आजीसाठी एक हलकी सुती साडी आण, मैसूरकडची मिळाली तर बघ, रंग फिकट नको. आणि तुझ्या जुन्या चपला टाकून समुद्रावर चालतील अशा नव्या घे.

तब्येतीला जप. सकाळी न खाता ऑफिसला जात जाऊ नकोस.

तुझी,
आई